वाढीच्या नोंदीतील झेड-स्कोअर: उणे आकड्याचा अर्थ

अंगणवाडीत बाळाचे वजन आणि उंची घेतल्यावर सेविका ती मापे पोषण ट्रॅकरमध्ये भरतात आणि बाळाची श्रेणी ठरते: सामान्य, मध्यम किंवा तीव्र. ही श्रेणी ज्या आकड्यावरून ठरते त्याला झेड-स्कोअर म्हणतात. रुग्णालयाच्या किंवा पोषण पुनर्वसन केंद्राच्या कागदावर तोच ‘−२ एसडी’ किंवा ‘−३ एसडी पेक्षा कमी’ असा लिहिलेला आढळतो. मराठीत ‘उणे’ म्हटले की उणीव आठवते, खात्यात पैसे उणे म्हणजे कर्ज. झेड-स्कोअरमधले उणे तसे नाही.

शून्य म्हणजे काहीच नाही, असे नव्हे

झेड-स्कोअरमध्ये शून्य म्हणजे मधोमध. त्याच वयाच्या, चांगल्या वाढीच्या शंभर मुली उंचीप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर बरोबर मध्यावरच्या मुलीचा स्कोअर शून्य. तिच्यापेक्षा उंच मुलींचा अधिक, बुटक्या मुलींचा उणे. म्हणजे निम्म्या निरोगी मुलींचा आकडा उणेच असतो. केवळ उणे चिन्ह दिसले म्हणून बाळ कुपोषित ठरत नाही. चिन्ह फक्त बाजू सांगते. पाहायचे ते अंतर.

हे अंतर पायऱ्यांत मोजतात. एका पायरीला प्रमाण विचलन म्हणतात. कागदावरचे ‘एसडी’ ते हेच. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची मधली उंची ८५.७ सेंटिमीटर आणि एक पायरी सुमारे ३.२ सेंटिमीटर आहे. एखादी मुलगी ७७.७ सेंटिमीटर असेल तर ती मध्यापासून ८ सेंटिमीटर खाली आहे. ८ ला ३.२ ने भागले की २.५ येतात, म्हणून तिचा स्कोअर −२.५. इथे एक गोंधळ नेहमी होतो: ३ हा २ पेक्षा मोठा, म्हणून −३ बरा असे वाटते. उलट, −३ हा −२ च्याही खाली आहे. चांगल्या वाढीच्या शंभर मुलांत साधारण दोनच −२ च्या खाली असतात. −३ च्या खाली हजारात एखादेच. म्हणून −२ ही लक्ष देण्याची आणि −३ ही तातडीची रेषा मानली आहे.

वजनाच्या पायऱ्या उंचीसारख्या समान नसतात, त्यामुळे वजनाचा स्कोअर वरीलप्रमाणे भागाकार करून काढू नये, तक्त्यावरूनच पाहावा. समजा वजन ८.५ किलो आहे. एक वर्षाच्या मुलीसाठी ते सामान्य आहे, कारण मधले वजन ८.९ किलो. दोन वर्षांच्या मुलीसाठी तेच वजन −२ (९ किलो) आणि −३ (८.१ किलो) यांच्या मधले, म्हणजे कमी. आणि दोन वर्षांच्या मुलासाठी ते −३ (८.६ किलो) च्याही खाली, म्हणजे तीव्र कमी. म्हणूनच माता व बाल संरक्षण कार्डावर मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे असतात, आणि म्हणूनच शेजारच्या बाळाच्या वजनाशी तुलना करून काही कळत नाही.

कोणता स्कोअर, हेही विचारावे

वयानुसार वजन −२ च्या खाली असेल तर ‘कमी वजन’. वयानुसार उंची −२ च्या खाली असेल तर खुजेपणा. तो बराच काळ पोषण अपुरे पडल्याची खूण असतो. उंचीनुसार वजन −२ च्या खाली असेल तर लुकडेपणा. त्यात −३ ते −२ म्हणजे मध्यम कुपोषित (मॅम) आणि −३ च्या खाली तीव्र कुपोषित (सॅम). एखादे खुजे बाळ उंचीनुसार वजनात सामान्य असू शकते. त्यामुळे कार्डावर वयानुसार वजनाचा रंग बदलला म्हणजे बाळ सॅम झाले, असा अर्थ लगेच काढू नये.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर झेड-स्कोअर काहीही असो, बाळ सॅम मानतात. सुजेच्या पाण्याने वजन वाढते आणि आकडा बरा दिसतो. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. सॅम बाळाची भूक तपासली जाते. भूक नसेल किंवा ताप, जुलाब यांसारखा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याचा सल्ला मिळतो. तो टाळू नये.

“आमच्याकडची मुले लहानखुरीच असतात” हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे इथे लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची ही मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मापांवरून बनली. भारतातील मुले दिल्लीची होती. पुरेसा आहार आणि आरोग्यसेवा मिळाली तर सर्व देशांत लहान मुलांची वाढ जवळपास सारखीच होते, असे त्यात दिसले. आपल्या देशात मात्र २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुजी आणि ३२.१ टक्के कमी वजनाची होती. जिथे शंभरात दोन असायला हवीत, तिथे इतकी.

एकाच महिन्याच्या आकड्यापेक्षा सलग नोंदी जास्त सांगतात. कायम −१.५ वर असलेल्या बाळापेक्षा तीन महिन्यांत −०.५ वरून −१.८ वर घसरलेल्या बाळाकडे आधी पाहावे, जरी दोघेही अजून ‘सामान्य’ श्रेणीत असले तरी. एकदम मोठा फरक दिसला तर आधी जन्मतारीख बरोबर भरली आहे का ते पाहावे. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवे झोपवून लांबी घेतात आणि त्यानंतर उभे करून उंची. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. वयानुसार वजनाचा स्कोअर −६ च्याही खाली दिसला तर बहुधा नोंदीतच चूक असते. तरीही त्याच दिवशी पुन्हा मोजून घ्यावे.