कार्ब्युरेटर जुळणी, कस्टम मोटरसायकलची
कस्टम मोटरसायकलवर एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलल्यानंतर हवा-पेट्रोलचे प्रमाण पुन्हा बसवण्याची प्रक्रिया. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) काढून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारे पॉड फिल्टर लावले की हवेचा अडथळा घटतो, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते आणि इंजिन तापते. म्हणून सहसा पेट्रोल सोडणारा मेन जेट मोठ्या छिद्राचा बसवतात. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पायलट जेट, मधल्या टप्प्यात नीडल आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेट पुरवठा ठरवतो. एका वेळी एकच भाग बदलावा, ही शिस्त सर्वांत मोलाची. स्पार्क प्लग पांढराफटक पडला तर मिश्रण लीन, काजळी धरली तर रिच (पेट्रोल जास्त), फिकट तपकिरी असेल तर योग्य.

व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारे सीव्ही कार्ब्युरेटर एअरबॉक्समधल्या स्थिर हवेवर अवलंबून असतात. पॉड लावल्यावर असे इंजिन मधल्या थ्रॉटलला अडखळू शकते आणि नुसते जेट बदलून ते दर वेळी सुधारत नाही. केवळ देखणेपणासाठी एअरबॉक्स काढणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. जुळणीचा आणखी एक भाग म्हणजे, १९६९ च्या होंडा सीबी७५० सारख्या चार कार्ब्युरेटरच्या गाडीत सर्व कार्ब्युरेटरचा हवेचा ओढा व्हॅक्यूम गेजने सारखा करावा लागतो.