टी-पेशींतली पोटॅशियमची वाट

आयनमार्ग म्हटले की मज्जातंतू आणि स्नायू आठवतात. हॉजकिन व हक्सले यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्याने संदेश कसा वाहतो ते मांडले. तेव्हापासून विद्युत्‌दाब बदलला की उघडणारे मार्ग ही जणू मज्जापेशींचीच मिरास ठरली. रक्तात भटकणाऱ्या पांढऱ्या पेशीला त्यांचे काय काम?

हा प्रश्न तपासायला आधी साधन हवे होते. नेहर व साकमान यांनी 1976 मध्ये काचेच्या सूक्ष्म नळीचे टोक पेशीपटलाला चिकटवून एकेका मार्गातला प्रवाह मोजला. (त्यांना 1991 चे नोबेल मिळाले.) तंत्र सुधारल्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान टी-पेशीही आवाक्यात आली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील डिकोर्सी, चंडी, गुप्ता व कॅहलन यांना 1984 मध्ये मानवी टी-पेशींत चक्क मज्जातंतूंसारखे पोटॅशियम मार्ग सापडले. राजम्यातले एक प्रथिन टी-पेशींना विभाजनास उद्युक्त करते. हे मार्ग बुजवणारी क्विनीनसारखी द्रव्ये घातली की विभाजन अडे. क्विनीन इतरही बरेच काही करते, त्यामुळे शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

पोटॅशियमचा विभाजनाशी संबंध काय? टी-पेशी कामाला लागण्यासाठी बाहेरचे कॅल्शियम बराच वेळ आत येत राहावे लागते. प्रत्येक कॅल्शियम आयन दोन धनप्रभार आणतो. आतली बाजू धन होऊ लागली की पुढचे आयन येईनासे होतात. पोटॅशियम बाहेर पडून ही बाजू ऋण राखतो. एसटीच्या एका दाराने कोणी उतरले तरच दुसऱ्याने चढता यावे, तसे हे; फक्त इथे अडचण जागेची नसून प्रभाराची आहे.

मग सरळ कॅल्शियमचेच दार का बंद करू नये? त्याचे उत्तर 2006 मध्ये मिळाले. फेस्के व सहकाऱ्यांनी दाखवले की ओराय-1 या कॅल्शियम मार्गात जन्मतः दोष असलेल्या बालकांची रोगप्रतिकारशक्तीच कोलमडते.

पोटॅशियमचे दार जास्त निवडक आहे, हे 2003 मध्ये वुल्फ, चंडी व सहकाऱ्यांच्या कामातून दिसले होते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरच्या मायेलिन आवरणावर शरीराच्याच टी-पेशी उलटतात. रुग्णांच्या अशा पेशी मुख्यतः वारंवार चेतवलेल्या स्मृतिपेशी निघाल्या. विश्रांत टी-पेशीवर ‘केव्ही 1.3’ हे मार्ग सुमारे 300 असतात; या पेशींवर सुमारे 1500. नवख्या टी-पेशी मात्र चेतवल्यावर पोटॅशियमचा दुसराच, कॅल्शियमने उघडणारा मार्ग वाढवतात. म्हणून केव्ही 1.3 बुजवले तरी त्यांचे काम बरेचसे चालू राहते.

बूच निसर्गातच होते. कॅरिबियन समुद्रातल्या एका समुद्रफुलाचे 35 अमिनो आम्लांचे विष 1995 मध्ये वर्णिले गेले. ते केव्ही 1.3 घट्ट बुजवते, पण मज्जातंतूंमधला त्याचा भाऊबंद केव्ही 1.1 देखील! रेणूत फेरफार करून ही जवळीक कमी करावी लागली. त्यातून आलेल्या डॅलाझटाइडची सोरायसिसच्या 24 रुग्णांवरची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींचे चट्टे कमी झाले, पण औषध दिले गेले अवघे चार आठवडे, आणि हा आजार वर्षानुवर्षांचा. शिवाय त्याच प्रकारच्या स्मृतिपेशी जुन्या जंतुसंसर्गांवरही पहारा देत असतात.