काजूच्या हंगामातील ताप

सिंधुदुर्ग म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मालवणचा जलदुर्ग आणि दर्या उभा राहतो; परंतु या जिल्ह्याच्या आरोग्यखात्याच्या दप्तरी अलीकडे जे विलक्षण प्रकरण दाखल झाले, ते पूर्वी सावंतवाडी संस्थानच्या अंमलाखाली असलेल्या दोडामार्गच्या डोंगराळ मुलखातून आले.

या तापाचा उगम मात्र सरहद्दीपलीकडचा. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात वानरे मरू लागली आणि त्यांच्यामागोमाग लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा आशियाला अपरिचित असलेला पीतज्वर तर हिंदुस्थानात शिरला नाही ना, या शंकेने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास हाती घेतला. हाती लागला तो रशियातील वसंत-ग्रीष्मकालीन मेंदूज्वराच्या कुळातला एक नवाच विषाणू, आणि त्याचे वाहन ठरली गोचीड.

तीव्र ज्वर, शिरःशूल, अंगदुखी, वांत्या आणि क्वचित रक्तस्राव यांतून रोगी उठावा, आठवडाभराच्या स्वस्थतेने घरच्यांचा जीव भांड्यात पडावा, आणि नंतर दहांतील एकदोघांना पुन्हा ज्वर येऊन या खेपेस मेंदूला व त्याच्या आवरणांना सूज यावी, मान ताठावी, हात थरथरावेत, दृष्टी अंधुक व्हावी, बोलण्यात भ्रम दिसावा, असा या व्याधीचा क्रम आहे. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. पण मला अधिक क्रूर वाटते ती मधली फसवी स्वस्थताच.

अर्धशतकभर हा रोग मुख्यतः कर्नाटकातच राहिला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, 2016 च्या आरंभी दोडामार्गातील केर गावी आणि पुढे बांद्याच्या परिसरात. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू येथील डोंगरउतारांवर असा पसरला आहे की रान कोठे संपते आणि बागायत कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. वानरांची ये-जा दोहींकडे असते, आणि पौषापासून वैशाखापर्यंत गोचिडीची बारीक पिल्ले ज्या पातेऱ्यात दबा धरून असतात, त्याच पातेऱ्यातून नेमक्या त्याच महिन्यांत बायामाणसे वाकून काजूबिया वेचतात. रोगावर नेमके औषध नाही. अंगाला कीटकरोधक तेल लावणे, अंगभर कपडे घालणे आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करणे, एवढाच बंदोबस्त.

नारळ-केळींची नासधूस करणाऱ्या वानरांविरुद्ध येथील बागायतदाराची तक्रार जुनीच आहे. आता मात्र बागेत एखादे मेलेले आढळले, तर त्याला हात न लावता ताबडतोब वर्दी द्यावी लागते, भोवती कीटकनाशक फवारले जाते, आणि त्या वाडीत कोणाला ताप आहे, याची चौकशी घरोघर सुरू होते.