एकाच कार्डावर दोन सारखे फोटो का असायचे? अजिंठ्याच्या जळालेल्या चित्रांपासून यवतमाळच्या शोधापर्यंत

जुन्या फोटोंच्या एखाद्या पेजवर तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. जाड पुठ्ठ्याचं एक आडवं कार्ड आणि त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन अगदी सारखे फोटो. बऱ्याच जणांना वाटतं की चुकून दोनदा छापलंय. पण दोन्ही फोटो नीट बघितले तर त्यांत किंचित फरक दिसतो. डावीकडच्या फोटोत खांबामागचा जेवढा भाग दिसतो, तेवढाच उजवीकडे दिसत नाही. या कार्डाला स्टिरिओग्राफ म्हणतात आणि त्याची सगळी जादू या छोट्याशा फरकात आहे.

आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य थोडं वेगळं दिसतं. मेंदू ही दोन दृश्यं जुळवतो आणि आपल्याला खोली जाणवते. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे आरशांच्या उपकरणाने दाखवून दिलं. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप आणला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो गाजला. १८६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचं स्वस्त उपकरण तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. मग काय, घरोघरी ही कार्डं पोहोचली. लहानपणी व्ह्यू-मास्टरमध्ये चकत्या घालून खटका दाबलेल्यांना वेगळं सांगायला नको. तो याच कुळातला.

अजिंठ्यात कॅमेरा घेऊन बसलेला मेजर

या तंत्राचा महाराष्ट्राशी फार जुना संबंध आहे आणि तो रॉबर्ट गिल यांच्यामुळे. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता किंवा त्यावरचा २०१२ चा नितीन देसाईंचा सिनेमा आठवत असेल तर गिल आणि पारोची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण प्रेमकथेच्या गर्दीत गिल यांचं काम मागे पडतं.

मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. त्यांनी वर्षानुवर्षं तैलरंगात मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजकी चित्रं सोडली तर जवळपास सगळी जळाली. कित्येक वर्षांच्या मेहनतीची राख झाली.

वाचलं ते फोटोंमुळे. गिल यांनी १८५० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये, म्हणजे आगीच्या दोन वर्षं आधी, त्यांच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. मजकूर वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांचा. एका पुस्तकात लेण्यांचे ७४ फोटो होते. दुसऱ्यात पश्चिम भारतातली वास्तुकला आणि वन्यजीवन दाखवणारी १०० स्टिरिओ चित्रं होती. गिल यांनी विदर्भातल्या लोणारच्या मंदिरांचेही फोटो काढले.

मात्र फोटो म्हणजे जळालेल्या चित्रांची भरपाई नव्हे. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच फोटो काढून धुवावा लागायचा. वैशाखात लेण्यांच्या बाहेरच्या उन्हात हे कसं जमत असेल, कल्पना करा. शिवाय या काचांना निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरूचा तांबडा आणि पिवळा भरलेला! त्यामुळे फोटोत रंगवलेल्या भिंती काळवंडतात आणि कोरलेला दगड खुलतो. खांब, कमानी, चैत्याची खोली यांसाठी स्टिरिओ कॅमेऱ्याइतकं चांगलं साधन तेव्हा दुसरं नव्हतं.

लाखो कार्डं गेली कुठे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मोठा धंदा झाला होता. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीचे फोटोग्राफर जेम्स रिकल्टन भारतभर फिरले. त्यांच्या १०० भारतीय दृश्यांचा संच पुस्तक आणि नकाशांसह १९०७ मध्ये आला. कार्डातला फोटो कुठे उभं राहून कोणत्या दिशेने काढला, हे नकाशावर लाल रेषांनी दाखवलेलं असायचं. घरबसल्या प्रवासाचं हे व्हर्च्युअल टूर पॅकेजच म्हणा. या कार्डांवरचा मजकूर वाचताना मात्र सावध राहावं. तो परदेशी गिऱ्हाईकासाठी लिहिलेला आहे. इमारतींना नावं आहेत, माणसांना बहुतेक वेळा नाहीत.

सिनेमा आणि मासिकांतल्या छापील फोटोंपुढे हा धंदा ओसरला आणि कार्डं ग्रंथालयांकडे आली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रॉबर्ट डेनिस संग्रहात ७२ हजारांहून जास्त स्टिरिओ चित्रं आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडेही प्रचंड साठा आहे. दोन्हीकडची हजारो कार्डं मोबाइलवर फुकट बघता येतात.

उपकरण नसलं तरी चालतं. फोन आडवा धरा, दोन्ही फोटो मिळून साधारण बारा सेंटिमीटर रुंद दिसतील एवढे ठेवा आणि नजर फोनच्या पलीकडे, लांबच्या भिंतीकडे न्या. दोनाचे तीन फोटो दिसू लागले की मधल्यावर लक्ष ठेवा. थोड्या वेळाने तो उठून येतो. खांब पुढे यायच्या ऐवजी आत गेलेले दिसले तर समजा, तुमचे डोळे तिरळे झालेत.

यवतमाळ शोधायचं तर

इंग्रजी कॅटलॉगमध्ये आजचं स्पेलिंग टाकून थांबू नका. ब्रिटिश काळात यवतमाळ ‘येओतमल’ असं, म्हणजे वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल, लिहिलं जायचं. १९०५ पर्यंत तर जिल्ह्याचं नावच ‘वून’ होतं, आजच्या वणीवरून. त्याआधीच्या नोंदी ‘बेरार’ किंवा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावांखाली असतात. गावाचं नाव कार्डावर नसेल तर बेरारसोबत कापूस, जिनिंग, रेल्वे हे इंग्रजी शब्द टाकून बघा.

आणि कुणाच्या वाड्यातल्या जुन्या पेटीत असं कार्ड सापडलंच तर ओल्या फडक्याने पुसू नका, कडेने धरा. स्कॅन करताना दोन्ही फोटो एकत्र घ्या आणि मागची बाजूही घ्या. सोशल मीडियावर टाकताना अनेक जण अर्धा भाग कापून टाकतात. दुसरा फोटो गेला की खोली गेली, आणि ती कुठल्याही ॲपने परत येत नाही.