खेळाचे नियम आणि परिसराचे विज्ञान : शालेय शिक्षणातील व्हिडिओ गेमचा मागोवा

प्रस्तावना

ठाणे शहरातील वर्तकनगर ही गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींभोवती वाढलेली वस्ती होय. येथून पोखरण रस्त्याने डोंगराच्या दिशेने निघाले की उपवन तलाव लागतो आणि त्याच्यामागे येऊरचे रान सुरू होते. हे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथे बिबट्यांचे वास्तव्य आहे. वन्यजीवनाचे एवढे सान्निध्य फार थोड्या शहरी मुलांच्या वाट्याला येते. तथापि या मुलांना वर्गात भेटणारी अन्नसाखळी बहुधा गवतापासून निघून वाघापाशी संपते, आणि मोबाइलच्या पडद्यावर जे अरण्य दिसते ते कोणत्या तरी परक्या मुलखातले असते.

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर शिकवला जावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिले. त्यातून निर्माण झालेल्या प्रकल्पवह्यांचे ढीग अध्यापकवर्गाला परिचित आहेतच. संगणक मात्र शाळेत त्यापूर्वीच आणि निराळ्या वाटेने आला होता. खेळाच्या द्वारे विज्ञान व पर्यावरण शिकवण्याच्या प्रयत्नांत या दोन वाटा एकत्र येतात. या प्रयत्नांचा मागोवा घेताना प्रस्तुत लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. खेळ काय शिकवतो हे त्यातील चित्रांवरून वा माहितीवरून ठरत नाही, ते त्याच्या नियमांवरून ठरते. आपण पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ तपासतो. खेळाचे नियम तपासण्याची परंपरा मात्र आपल्याकडे रुजली नाही.

नियम हाच पाठ

हा विचार मराठी मनाला नवा वाटू नये. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट हा शिकवण्यासाठीच रचलेला खेळ होता. त्यातील घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे असत, आणि जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप बहुधा अधिक असत. वर चढण्याच्या वाटा थोड्या, घसरण्याच्या अनेक, हा बोध कवड्या टाकणाऱ्या मुलाला कोणी समजावून सांगावा लागत नसे. पटाची रचनाच तो देत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, साप आणि शिड्या हळूहळू बरोबरीस आल्या, आणि खेळ तोच राहूनही शिकवण बदलली.

संगणकावरील शैक्षणिक खेळांच्या इतिहासातही हेच आढळते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७१ मध्ये तीन अध्यापक-विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासासाठी ‘द ओरेगन ट्रेल’ हा खेळ रचला. पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा प्रवास त्यात मुलांनी पार पाडावयाचा असे. अन्न, आजार, शिकार यांचे हिशेब नियमांत होते. हा प्रवास कोणाच्या भूमीवरून चालला आहे, हा प्रश्न मात्र नियमांत नव्हता. पुढे त्याच राज्यातील शैक्षणिक संगणन संस्थेने ‘ओडेल लेक’ हा खेळ तयार केला. त्यात मूल स्वतः ओरेगनमधील एका तलावातील मासा होते, आणि समोर आलेल्या जिवाला खावे, टाळावे की पळावे हे ठरवते. अन्नजाळे शिकवण्याची याहून सरळ रीत सुचणे कठीण. पण मासे त्या तलावाचे आहेत. ठाणे खाडीच्या काठावरील मुलाने ट्राउट ओळखावा आणि बोईट ओळखू नये, हा या खेळाचा दोष नव्हे. त्याच्या तोडीचा खेळ येथे न रचणाऱ्यांचा आहे.

यंत्रे आली, नियम बाहेरचेच राहिले

भारतात शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प १९८४-८५ मध्ये २५० शाळांत सुरू झाला. ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक त्यासाठी निवडले गेले, आणि आरंभीच्या आज्ञावल्याही बव्हंशी तेथूनच आल्या. दशक संपेपर्यंत शाळांची संख्या अडीच हजारांच्या घरात गेली. शाळांची आणि यंत्रांची मोजणी झाली. पडद्यावर मूल कोणत्या परिसराचे विज्ञान शिकते, हा प्रश्न या मोजणीत बसणारा नव्हता.

नियम न दिसण्याने काय घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सिमसिटी’ या खेळाचे आहे. विल राइट यांचा हा खेळ १९८९ मध्ये आला. शहर वसवणे, कर बसवणे, कारखान्यांचे प्रदूषण आवरणे अशी कामे त्यात खेळाडूकडे असतात. पर्यावरणाचा विषय शिकवण्यासाठी अनेक देशांतील शिक्षकांनी तो वर्गात आणला. जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नागरी गतिशास्त्राच्या प्रतिमानाचा त्यावर प्रभाव होता, आणि ते प्रतिमान स्वतःच वादग्रस्त होते. शेरी टर्कल यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात एका शाळकरी मुलीची हकिकत नोंदवली आहे. ही मुलगी खेळात तरबेज होती, आणि कर वाढवला की दंगल होतेच, हा तिने खेळातून काढलेला नियम होता. आज्ञावली लिहिणाऱ्याने केलेली निवड तिने समाजाचा नियम म्हणून स्वीकारली. शिवाय या शहरात राहण्याचे, व्यापाराचे आणि उद्योगाचे विभाग मुळातच वेगळे आखावे लागतात. गिरणी, चाळ आणि तळमजल्यावरचे दुकान एकमेकांना खेटून ज्या शहरांत वाढले, तेथील मुलाला आपली गल्ली या खेळात रेखाटताच येत नाही.

उघडा नियम : खैरातचा प्रयोग

ठाण्याहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या टोकाशी, रायगड जिल्ह्यातील खैरात येथे २००७ मध्ये एक निराळा प्रयोग झाला. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या निकोलस नेग्रोपाँटे यांच्या योजनेतील लहान, हिरवे-पांढरे संगणक तेथील एकशिक्षकी शाळेतील मुलांना मिळाले. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली होती; त्यामुळे खैरातला विशेष महत्त्व आले. वृत्तपत्रांचे लक्ष यंत्राच्या किमतीवर खिळले. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय होती ती त्याच्या कळफलकावरील एक कळ. ती दाबल्यावर चालू आज्ञावलीचा मूळ मजकूर पडद्यावर यावा, अशी योजना होती. त्याच सुमारास ‘सिमसिटी’च्या मालक कंपनीने तो जुना खेळ या लॅपटॉपसाठी दिला, आणि २००८ च्या आरंभी ‘मायक्रोपोलिस’ या नावाने त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. कर आणि दंगल यांचा संबंध नेमका कोणत्या ओळीत लिहिला आहे, हे आता पाहता आणि बदलता येऊ लागले.

या कळेचे कौतुक बेताने करावे. आज्ञावलीची भाषा इंग्रजी शब्दांनी बनलेली असते आणि एकशिक्षकी शाळेतील दुसरी-तिसरीच्या मुलाला ती उघडूनही बंदच. सेमूर पेपर्ट यांच्या ‘लोगो’ परंपरेतील ‘टर्टल आर्ट’ हा त्याच यंत्रातील उपक्रम या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात मूल ठोकळे जुळवून स्वतःच नियम रचते आणि चुकले की कासवाची वाट वाकडी झालेली त्याला लगेच दिसते.

येऊरचा बिबट्या

वर्तकनगरच्या मुलांसाठी असा खेळ रचावयाचा झाल्यास विषय शोधत जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २००४ च्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. बिबट्या वस्तीजवळ दिसला की पिंजरा लावून त्याला दूर सोडावे, ही मागणी सर्वांत आधी होते, आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु जुन्नर परिसराचा अनुभव उलटा आहे. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील शोधनिबंधानुसार, तेथे २००१ पासून बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी सुमारे ४ वरून १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो. दुसरीकडे, उघड्यावरचा कचरा भटकी कुत्री वाढवतो आणि कुत्री हे बिबट्याचे महत्त्वाचे भक्ष्य आहे. कुत्र्यांची संख्या रोखून मुंबईतील बिबटे श्वानदंशाचे प्रमाण कमी करत असावेत, असे २०१८ मधील एका शोधनिबंधाने मांडले आहे.

हा कार्यकारणभाव फलकावर लिहून सांगितल्यास वर्गाला पटत नाही, असा अनुभव अनेक अध्यापकांना असेल. भीतीपुढे आकडा टिकत नाही. खेळात मात्र पिंजरा लावण्याचा निर्णय मूल स्वतः घेते आणि काही फेऱ्यांनंतर त्याचे फळही त्यालाच भोगावे लागते. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. नियम प्रथम कागदी पटावर खेळून पाहता येतात. प्राणिशास्त्राचा अध्यापक, संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि शेजारच्या शाळेचा एक वर्ग एवढे पुरते. आपल्या गल्लीतील कचराकुंड्या आणि कुत्री मोजणे हे काम तर मुले करू शकतातच. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे गटप्रकल्प याच धर्तीचे असतात.

अडचण एकच, आणि ती नियमांचीच आहे. पट वर्तकनगर व येऊर एवढाच ठेवला तर पिंजरा लावणारे मूल प्रत्येक वेळी जिंकेल, कारण पकडलेला बिबट्या पटाबाहेर जातो आणि पुढील हल्ला दुसऱ्या कोणाच्या तरी गावात होतो. तो ज्या रानात सोडला जातो ते रान आणि त्याच्या कडेचे पाडे पटावर काढल्याशिवाय खेळ सुरू करता येणार नाही.