शपथ आणि सोबत : व्यसनमुक्तीच्या कार्यातील समदुःखी सेवकांचा पूर्वेतिहास

इंदूर शहरातील मल्हारगंज ही मल्हारराव होळकरांचे नाव वागविणारी जुनी वस्ती. बड्या गणपतीच्या देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांतून मराठी बोलणारी घरे आहेत आणि त्यांपैकी काही आपल्या श्रद्धेची आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरून मला बोलावणे आले. मुलाने दारू सोडण्याची शपथ घ्यावी व ती मी क्रुसासमोर घेववावी, अशी वृद्ध मातेची इच्छा होती. मुलगा चाळिशीचा. तो शांतपणे म्हणाला, "फादर, शपथ मी तीनदा घेतली आहे, आणि तीनही वेळा मनापासून घेतली. संध्याकाळी सात ते नऊ काय करायचं, ते मात्र मला कोणी सांगितलं नाही."

मलाही ते सांगता आले नाही. पुढे ते सांगितले त्याच वस्तीतील एका शिंप्याने. तो स्वतः बारा वर्षे पीत होता व आता पीत नव्हता. रोज सायंकाळी सात वाजता तो या गृहस्थास आपल्या दुकानात बसवून घेई. काजे करता करता दोघे बोलत, कधी न बोलता बसत. अभिषेक झालेल्या धर्मगुरूस जे जमले नाही ते या शिंप्यास का जमले, या प्रश्नाने मला इतिहासाकडे वळविले.

आपल्या परंपरेचा भर प्रामुख्याने शपथेवर राहिला. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे कपुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत लक्षावधी लोकांनी ती घेतली. पुढे दुष्काळ आला, १८५६ साली मॅथ्यू निवर्तले आणि ती लाट ओसरली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचा अमेरिकेतील वास्तव्यात तेथील स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेशी व तिच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी स्नेह जडला. त्याही चळवळीचा रोख घर वाचविण्यावर होता. पिणाऱ्यास काम देण्यावर नव्हता. शपथेनंतर कायदा आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी १९ ठिकाणी दारूविक्री बंद केली. हे सर्व आवश्यक असेल. मी त्याचा अवमान करीत नाही. परंतु दुकान बंद झाल्याने माणसाची संध्याकाळ भरून निघत नाही.

पिणाऱ्यानेच पिणाऱ्यास सावरावे, हा विचार मोठ्या प्रमाणावर प्रथम दिसतो तो १८४० साली, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी. सहा मद्यपी एकत्र आले. त्यांनी वॉशिंग्टनच्या नावाने मंडळ काढले आणि आपापली कहाणी भर सभेत सांगण्यास प्रारंभ केला. अल्पावधीत हजारो लोक आकृष्ट झाले. परंतु दशक संपण्यापूर्वीच ते मंडळ बहुतांशी लयास गेले. त्यास बांधणी नव्हती, शिकवण नव्हती. होते ते व्यासपीठ. त्या काळचा अत्यंत गाजलेला वक्ता जॉन गॉफ हाही १८४५ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा मद्याच्या आहारी गेला आणि वृत्तपत्रांस खाद्य मिळाले. तो पुढे सावरला, हे सांगावयास हवे. या घटनेकडे मी पुन्हा येणार आहे.

खरी वाट सापडली ती १९३५ साली. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा दारू सोडून काही महिने झालेला गृहस्थ व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील अॅक्रन गावी आला होता. काम फिसकटले. हॉटेलाच्या एका बाजूस मद्यगृह, दुसऱ्या बाजूस दूरध्वनी. तेथील चर्चच्या यादीवरून त्याने एका धर्मगुरूस दूरध्वनी केला आणि विनंती केली ती प्रार्थनेची नव्हे. एखाद्या मद्यपीशी आपली गाठ घालून द्यावी, अशी! धर्मगुरूने काही नावे दिली आणि त्यांतून विल्सनची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या बंधुसंघाचा हा उगम होय. त्या धर्मगुरूचा वाटा एवढाच, की योग्य नावे देऊन तो बाजूला झाला. आपणांपैकी कितीजणांपाशी अशी नावे आहेत?

पुढे १९३९ साली त्याच गावच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी डॉक्टर बॉबच्या साहाय्याने मद्यपींस खाटा मिळवून दिल्या. घरी जाणाऱ्या रुग्णास त्या येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत आणि बजावीत, की पुन्हा प्यायचे ठरलेच तर आधी हे पदक मला परत आणून द्यावे. शपथच ही, परंतु हिच्यात परतीची वाट होती आणि वाटेच्या टोकास एक मनुष्य उभे होते.

भारतात हा बंधुसंघ १९५७ साली मुंबईत आला. १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल धर्मग्रामात फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' स्थापिले. ते स्वतः या व्याधीतून उठलेले, आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. धर्मगुरूने आपली व्याधी न लपविता तिलाच सेवेचे साधन केल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या प्रांती मला ठाऊक नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे साहाय्य त्यास लाभले. तेथे येणाऱ्यास 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि बरे झालेले कित्येक रुग्णमित्र तेथेच कार्यकर्ते झाले. केंद्र शासनाने पुढे प्रशिक्षणाचे प्रादेशिक कार्यही या संस्थेकडे सोपविले. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० साली उभारलेल्या संस्थेनेही समुपदेशकांसाठी प्रशिक्षण-पुस्तिका सिद्ध केल्या.

'प्रशिक्षण' या शब्दाने आपल्या धर्मशिक्षकांपैकी काहींच्या कपाळी आठ्या पडतात. अनुभव आहे, श्रद्धा आहे, मग शिकावयाचे काय? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९५४ सालीच बरे झालेल्या मद्यपींसाठी समुपदेशकाचे सरकारी पद निर्माण केले. त्यांस डॉक्टर व मानसतज्ज्ञ यांच्या जोडीने काम करावे लागे. जो दीर्घकाळ रोज पीत आला त्याने एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. तेव्हा प्रार्थनेआधी दवाखाना गाठावा, हे ज्ञान अनुभवाने आपोआप येत नाही. ऐकलेले गुपित ठेवणे, पैसे उसने न देणे, एकट्याने न जाणे, स्वतःची सभा न चुकविणे, हेही शिकावेच लागते.

हे मला कळले ते उशिरा. त्या शिंप्याचे कार्य पाहून मी हर्षभरित झालो आणि त्यास तीन धर्मग्रामांत साक्ष देण्यास उभे केले. लोक रडले. मग मी पाच घरे त्याच्या हवाली केली. त्यास कोणाकडे पाठविले नाही, काही शिकविले नाही. तू कसा आहेस, हेही विचारले नाही. आठव्या महिन्यात तो पुन्हा प्याला. गॉफची कथा तोवर माझ्या वाचनात आली नव्हती, ही सबब मी पुढे करणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो, की आपणांस मिळालेल्या सांत्वनानेच आपण इतरांचे सांत्वन करतो. त्या वचनातील सांत्वन आधी मिळावे लागते आणि मिळत राहावे लागते, हा अर्थ मी प्रवचनात अनेकदा सांगितला होता.

शिंप्याच्या दुकानाचे दार सात आठवडे बंद होते. ते उघडविले ज्याने, तो शपथेस नकार देणारा तोच गृहस्थ. पुढे दोघे मिळून प्रशिक्षणास जाऊन आले. प्रवासखर्च धर्मग्रामाने दिला. आता घरे पाच नसून दोनच आहेत, आणि दोघे बरोबर जातात. दर गुरुवारी मीही सात वाजता त्या दुकानात जातो. मला तेथे बोलावयाचे नसते. बटणे निवडून देण्याचे काम माझ्याकडे आहे.