खंजिरीचा वारसा
विदर्भात हौशी वादकांची खरी शाळा म्हणजे भजनी मंडळ होय. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने गावोगाव भजने गाइली, १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला व १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेतही खंजिरीभजन ऐकविले. अशा मंडळांतील वादक दिवसा शेतीत वा कचेरीत राबणारे. बिदागीची अपेक्षा न धरणारे. श्रोत्यांसमोर एखाद्याची लय ढळली, तर सोबत्यांनी ती सावरावयाची, ही विद्या पुस्तकातून लाभत नाही. आज प्रतापनगरातील आमच्या घरांत बहुधा ध्वनिमुद्रित भजनेच लागतात. कान तृप्त होतात, हात मात्र अशिक्षितच राहतात. ज्ञातिबंधुभगिनींनी घरातील एका तरी मुलाच्या वा मुलीच्या हाती खंजिरी द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.